अंकलिपीतील माणसे

शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे अक्षरांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. शाळा कोणी काढली, कोणाला तिच्या ओट्याखाली बसविले, कोणाला आत घेतले, पुस्तक कोणी लिहिले, याची नोंद झाली. आणि तिच्यातला आमचा भाग आमच्या माणसांनी भांडून लिहवून घेतला. परंतु पुस्तकातील चित्रांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. चित्र म्हणजे मजकुराची शोभा, पोरांना रमविण्याची सोय, असे समजून आपण पान उलटतो. मूल पान उलटत नाही. त्याला अक्षर येत नसते तेव्हा चित्रच येत असते, आणि अक्षराने जे सांगायला दहा वर्षे लागतील ते चित्र त्याला एका दुपारी सांगून टाकते : माणूस म्हणजे कोण, बाई म्हणजे कोण, आणि दोघांनी कोठे उभे राहायचे.

म्हणून आरंभ अंकलिपीपासून करावा लागतो. आठवडे बाजारात, एस.टी. स्टँडवरच्या टपरीवर, गावच्या किराणा दुकानात वर्षानुवर्षे मिळत आलेले हे पातळ, दोन टाचण्यांचे पुस्तक. पाढे, महिने, वार, बाराखडी आणि चौकोनाचौकोनातून मुळाक्षरे. ज्या घरात दुसरे एकही छापील पुस्तक नव्हते त्या घरातही हे आले. माझ्या घरात आलेले पहिले पुस्तक हेच. आई ते उलटे धरून पाही, कारण तिच्या दृष्टीने चित्र सरळ असले म्हणजे झाले, आणि मी समोर बसलेला असल्यामुळे ते मला सरळ दिसावे एवढीच तिची खटपट.

प्रकाशकागणिक शब्द थोडे बदलतात, तरी परंपरेने स्थिर झालेला एक साचा सर्वांना तोंडपाठ आहे. अननस, आई, इमारत, उखळ, ऊस, ऐरण, कमळ, खलबत्ता, जहाज, तलवार, थडगे, धनुष्य, नळ, भटजी, मगर, यज्ञ, रथ, शहामृग, क्षत्रिय. या यादीत माणसे किती ते मोजा. आई, भटजी, क्षत्रिय. आणि ‘ळ’ने सुरू होणारा शब्द नाही म्हणून शेवटी ‘ळ’ घेऊन आलेला बाळ. बाकी सारे प्राणी, फळे आणि वस्तू. म्हणजे मराठी मुलाला अक्षरओळखीबरोबर माणसांची जी पहिली ओळख करून दिली जाते तिच्यात दोन वर्ण आहेत आणि एक आई आहे. पुरुषाला जात आहे, व्यवसाय आहे, शस्त्र आहे, शेंडी आहे. बाईला मांडीवर मूल आहे.

यावर कोणी म्हणेल, अक्षराला शब्द सापडावा लागतो, त्यात कसले राजकारण? ‘क्ष’च्या बाबतीत हे मान्य करू. क्षितिज चौकोनात काढता येत नाही, क्षमा तर मुळीच नाही. परंतु ‘भ’च्या बाबतीत असा कोणताच नाइलाज नव्हता. भाकर होती, भोपळा होता, भुईमूग होता, भोवरा होता. ‘श’ला शेतकरी दारात उभा असताना आफ्रिकेतून शहामृग आणला गेला. ‘म’ला मजूर होता, मोलकरीण होती, मगर आली. ‘ऐ’ला ऐरण आहे, पण तिच्यावर घण घालणारा लोहार नाही. ‘उ’ला उखळ आहे, पण कांडणारी नाही. हत्यार चित्रात आणि हत्याराचा धनी चित्राबाहेर, ही रचना कोणी बैठक घेऊन ठरविली असे मी म्हणत नाही. ती ठरवावी लागली नाही, हेच लक्षात घेण्यासारखे आहे. (आणि ‘न’ला नळ! चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी 1927 साली ज्यांना मोर्चा न्यावा लागला, त्यांच्या नातवंडांना पाण्याचा नळ ही सर्वांच्या घरातली वस्तू म्हणून शिकविली गेली.)

वस्तूंनाही लिंग असते. व्याकरणातले नव्हे, समाजातले. तलवार व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे, परंतु चित्रातल्या तलवारीकडे पाहून मुलीचा हात पुढे होत नाही. तलवार, धनुष्य, बाण, रथ हे एका राजपुत्राचे सामान. उखळ, खलबत्ता हे माजघराचे सामान. शिकविणाऱ्याने एक शब्दही न बोलता मुलगा कोणत्या चौकोनावर रेंगाळेल आणि मुलगी कोणत्या, हे ठरून जाते.

हा साचा इतका टिकला कसा, याचे एक कारण विचारसरणीत आहे, तर दुसरे छापखान्यात. खिळ्यांच्या छपाईच्या काळात चित्र छापायचे तर जस्ताचा ब्लॉक करून तो लाकडावर ठोकून घ्यावा लागे. त्याला पैसे पडत. एकदा केलेला ब्लॉक छापखानदार जपून ठेवी, पुढच्या आवृत्तीला वापरी, दुसऱ्या पुस्तकालाही वापरी. मजकूर बदलणे स्वस्त होते, चित्र बदलणे महाग. त्यामुळे समाजात बाई गिरणीत गेली, शाळेत शिक्षिका झाली, कचेरीत टंकलेखिका झाली, तरी ब्लॉकमधली बाई चुलीपुढेच बसून राहिली. पुढे ऑफसेट आले, ब्लॉक भंगारात गेले. पण नव्या चित्रकारासमोर नमुना म्हणून ठेवले गेले ते जुनेच पुस्तक. त्याने रंग भरले, बाईला उठविले नाही.

या बाईचा चेहरा आणि पोशाख आला कोठून, तेही पाहिले पाहिजे. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला; पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी घराघरांतल्या भिंती व्यापल्या. देवळात ज्यांना प्रवेश नव्हता त्यांच्याही घरात ही देवी काही आण्यांत येऊ शकली, हा त्या तंत्राचा एक लोकशाही गुण म्हणावा लागेल. परंतु आली ती कोणत्या रूपात? गोरी, भरल्या अंगाची, काठापदराच्या साडीतली, दागिन्यांनी मढलेली, हाताला कामाचा डाग नसलेली. देवीचे हे रूप दिनदर्शिकेवर गेले, तेथून शाळेच्या तक्त्यावर उतरले आणि ‘चांगली बाई’ कशी दिसते याचे माप ठरले. ज्यांची आई उन्हात खुरपते तिच्या रंगाला आणि हातांना या मापात जागाच नव्हती.

मासिके आणि चित्रकथा यांनी हे माप अधिक घट्ट केले. ‘चांदोबा’ मराठीत 1952 पासून निघू लागला. ‘अमर चित्रकथा’ 1967 मध्ये सुरू झाली. मी दोन्ही आवडीने वाचली आहेत, आणि चित्रकारांच्या हातातील कसब नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांतील राजकन्या गोरी, कमनीय आणि बहुधा कोणीतरी सोडविण्याची वाट पाहणारी. राक्षस काळा, जाड ओठांचा. गोरा म्हणजे सज्जन आणि काळा म्हणजे दुर्जन, हे समीकरण मुलगाही शिकतो, परंतु त्याची किंमत अधिक भरते ती सावळी मुलगी. ती राजकन्या होऊ शकत नाही आणि राक्षसीण व्हायचे तिच्या मनात नसते. याच मालिकेत 1979 साली बाबासाहेबांवर पुस्तक निघाले आणि वस्त्यावस्त्यांतून वाचले गेले, हेही सांगितले पाहिजे. 2011 मध्ये दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी ‘भीमायन’ची चित्रे काढली तेव्हा मात्र चौकोनच मोडले. गोंडी अंगणातल्या ‘दिगण्या’ने पाने विभागली गेली आणि पाणी मासा झाले. मुलांसाठी चित्र काढण्याची दुसरी रीत असू शकते, एवढे त्याने सिद्ध झाले.

आता पाठ्यपुस्तकांकडे येतो. बालभारतीची स्थापना 1967 सालची. त्यापूर्वी खाजगी प्रकाशकांच्या वाचनमाला शाळांतून चालत. अत्र्यांची ‘नवयुग वाचनमाला’ त्यांत गाजलेली. सरकारी मंडळ आल्यावर पुस्तक स्वस्त झाले, गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत एक झाले. गरिबाच्या मुलाला याचा फायदा झाला, तो मोठाच आहे. परंतु पुस्तक एक झाले म्हणजे चित्रही एक झाले. कोण्या एका चित्रकाराने एका दुपारी काढलेली आई ही राज्यातल्या लाखो मुलांची अधिकृत आई झाली. बाबा खुर्चीत वर्तमानपत्र वाचताहेत, आई स्वयंपाकघरात आहे, मुलगा चेंडू खेळतो आहे, मुलगी आईला मदत करते आहे : हे चित्र कोणत्या इयत्तेच्या कोणत्या पानावर होते हे सांगण्याची गरज पडू नये, इतके ते सर्वांच्या डोळ्यांत बसलेले आहे.

येथे आमच्या मुलांची अडचण दुहेरी झाली, आणि स्त्रीमुक्तीच्या चर्चेत ही गोष्ट पुष्कळदा सुटून जाते. पांढरपेशा घरातल्या मुलीला पुस्तकातली आई ही निदान स्वतःची आई वाटत होती. तिला त्या चित्रातून बाहेर पडायचे होते. आमच्या मुलांना त्या चित्रात आपली आई सापडतच नव्हती. आमची आई सकाळी सहाला घराबाहेर पडत होती. खडी फोडत होती, रस्ता झाडत होती, ऊस तोडत होती, दुसऱ्याच्या रानात भांगलत होती. दिवेलागणीला परत येऊन मग चूल पेटवीत होती. पुस्तकाने तिला कामकरी म्हणून दाखविले नाही, आणि आई म्हणूनही मान्य केले नाही. वर्गात मास्तरांनी आईचे चित्र काढायला सांगितले की आम्ही पुस्तकातली आई काढत असू. डोक्यावर पाटी घेतलेली बाई काढावी असे कोणालाही सुचले नाही.

जगात इतरत्र या चित्रांची मोजदाद झाली आहे. अमेरिकेत लेनोर वाइट्झमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये पारितोषिकप्राप्त बालपुस्तके तपासली, तेव्हा पुरुष-मुलग्यांची 261 चित्रे निघाली आणि स्त्रिया-मुलींची 23. डेव्हिड चेम्बर्स याने 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 4,807 मुलांकडून शास्त्रज्ञाचे चित्र काढून घेतलेले होते. बाई काढली फक्त 28 जणांनी, आणि त्या साऱ्या मुली होत्या. 2018 मध्ये अशा अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा 1980 नंतरच्या दशकांत बाई काढणाऱ्यांचे प्रमाण सरासरी 28 टक्क्यांवर आलेले दिसले. म्हणजे मनातले चित्र बदलते. प्रयोगशाळेत आणि कागदावर बाई दिसू लागली की मुलांच्या हातातली पेन्सिलही वळते. आपल्याकडे 1974 च्या ‘समानतेकडे’ या अहवालानंतर हा प्रश्न ऐरणीवर आला, 1979 मध्ये नरेंद्रनाथ कालिया यांचे पाठ्यपुस्तकांतील लिंगभेदावरचे पुस्तक निघाले, आणि 1986 च्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम व पुस्तके यांतून नवी मूल्ये रुजविण्याची भाषा केली. भाषेपासून चित्रापर्यंत पोहोचायला वेळ लागला. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बाई आणि पुरुष एकत्र बसून भाजी निवडताना दिसले. डॉक्टर बाई दिसली, वाहतूक पोलीस बाई दिसली, स्वयंपाक करणारा पुरुष दिसला.

हा बदल स्वागतार्ह आहे. त्यात काहीच नाही असे म्हणणारा मी नाही. तरीही चित्रातली दिशा पाहा. बाई घरातून बाहेर येऊन कामाला लागली, ही बातमी असल्यासारखी सांगितली जाते. ज्या बाया पिढ्यानपिढ्या बाहेरच होत्या त्यांना ही बातमी कशी कळवायची? 20 जुलै 1942 रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या. स्त्रिया हजारोंनी आल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी आणि कामगार स्त्रियांच्या सवलती यांविषयी त्या परिषदेने ठराव केले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक 1989 मध्ये काढले, त्यात या बायका नावानिशी भेटतात. मुलांच्या पुस्तकात त्या चित्रानिशी केव्हा भेटणार?

चित्रकाराची एक खरी अडचण येथे सांगितली पाहिजे. मराठी भाषेने ‘मूल’ नपुंसकलिंगी ठेवले आहे. पोर, लेकरू, मूल. ते आले, ते रडले. एवढा शहाणपणा फार थोड्या भाषांना सुचला असेल. परंतु चित्रकाराला ‘ते’ काढता येत नाही. त्याला अर्धी चड्डी काढावी लागते किंवा दोन वेण्या. आणि जेथे मजकुरात नुसते ‘मूल’ असते तेथे त्याचा हात न सांगता अर्ध्या चड्डीकडे जातो. मुलगी काढायची तर काहीतरी वर जोडावे लागते : रिबन, बांगडी, कुंकू, झगा. स्वच्छतागृहावरच्या जगप्रसिद्ध आकृती पाहा. अमेरिकेत 1974 साली प्रवाशांसाठी 34 चिन्हांचा संच तयार झाला. त्यातला पुरुष हा माणूस, आणि बाई म्हणजे त्याच माणसाला चढविलेला झगा. जेथे कोणी झगा घालत नाही त्या गावच्या शाळेतही ही आकृती आली आणि पोरींनी ती बिनतक्रार ओळखली. सर्व शिक्षा अभियानाच्या बोधचिन्हात मुलगा आणि मुलगी एकाच पेन्सिलीवर बसलेली आहेत. हे चिन्ह मला आवडते. दोघे एकाच दिशेने चालले आहेत.

‘आदर्श बालक’ नावाचा तक्ता पुष्कळ वर्गांत लटकलेला असे. तो पहाटे उठतो, आईवडिलांना वंदन करतो, दात घासतो, वेळेवर जेवतो, हरवलेल्या मुलाला पोलीस चौकीत पोहोचवितो. मुलग्याला भांडी घासताना त्या तक्त्यात मी कधी पाहिले नाही.

पोशाख म्हणजे चिन्ह, हे ज्ञान आपल्या चळवळीला चित्रकलेच्या कोणत्याही शाळेत शिकावे लागलेले नाही. महाडला डिसेंबर 1927 मध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले, आणि लुगडे वरिष्ठ वर्गातील बायकांसारखे नेसा, गळ्याहातांतले जड दागिने टाका, असे सांगितले. गुडघ्यावर लुगडे आणि कथलाच्या पाटल्या ही अस्पृश्य बाईची जाहिरात होती; लांबूनच ओळखता यावे म्हणून सांगितलेली. बायकांनी ती उतरविली. स्वतःच्या शरीरावर दुसऱ्याने काढलेले चित्र पुसून नवे काढण्याचा हा प्रसंग आहे, आणि बालवाङ्मयाचा विचार करणाऱ्यांनीही तो वाचावा. विचित्र असे की त्या बायकांनी जो पोशाख मानाने मिळविला तोच पाठ्यपुस्तकाने ‘आई’चा एकमेव गणवेश करून टाकला.

रंगांचेही असेच. आता दुकानात मुलग्याला निळा आणि मुलीला गुलाबी असा बाजार मांडलेला असतो; दप्तर, पेन्सिल, पाण्याची बाटलीसुद्धा वाटून दिलेली. हे निसर्गाने ठरविले आहे असे मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, अमेरिकेतील कपड्यांच्या धंद्याच्या एका नियतकालिकात 1918 साली नेमका उलटा सल्ला छापला होता : गुलाबी जोरकस म्हणून मुलग्याला, निळा नाजूक म्हणून मुलीला. आमच्या वस्तीत तर निळा कोणा पोराचा नाही. चौदा एप्रिलला पोरी निळे फेटे बांधून ढोल बडवीत निघतात. दुसऱ्या दिवशी त्याच पोरीला बाजारात गुलाबी दप्तर घ्यावे लागते, कारण निळ्यावर मोटार काढलेली असते.

शाळेच्या भिंतीचा प्रश्न अजून मिटलेला नाही. सरस्वतीच्या चित्रात ज्ञान बाईच्या रूपात आहे, हे खरे. पण ती बाई कमळावर बसून वीणा वाजविते. कोणाला शिकवीत नाही, कोणाचा शेणमारा सोसत नाही. सावित्रीबाईंच्या चित्रात हातात पुस्तक असते आणि भोवती मुली असतात. टपाल खात्याने 10 मार्च 1998 रोजी त्यांच्यावर तिकीट काढले. जी मुलगी या दोन चित्रांखाली बसून पाटी गिरविते तिला दोन वेगवेगळ्या गोष्टी शिकविल्या जात आहेत. एक चित्र तिला हात जोडायला सांगते, दुसरे तिला पुढे बसायला सांगते. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाईने वयाच्या चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो 1855 मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. इतकी जुनी, इतक्या लहान वयाची लेखिका आपल्या भाषेत असताना नेहमीच्या अंकलिपीत ‘म’ मगरीचाच राहिला.

गेली काही वर्षे मी प्रथम वर्षाच्या वर्गात जूनमध्ये एक कोरा कागद वाटतो आणि शेतकऱ्याचे चित्र काढायला सांगतो. इतिहासाच्या तासाला चित्र कशाला, म्हणून पोरे हसतात, आणि मग पागोटे, मिशा, बैलजोडी असे काढून देतात. मुलीही तेच काढतात, ज्यांनी स्वतः आदल्या आठवड्यात टोकणी केलेली असते त्याही. मागच्या वर्षी एकीने डोक्याला पदर गुंडाळून वाकून खुरपणारी बाई काढली आणि खाली ‘शेतकरी’ असे लिहिले. शेजारचा मुलगा म्हणाला, शेतकरीण लिही. ती म्हणाली, शेतकरीण म्हणजे शेतकऱ्याची बायको. पाटलीण, मास्तरीण असते तशी. माझी आई कोणाची बायको म्हणून खुरपत नाही, मजुरी म्हणून खुरपते. मग सातबाऱ्यावर जिचे नाव नाही तिला शेतकरी म्हणायचे का, असा प्रश्न मागच्या बाकावरून आला. त्यावर एकाने सांगितले की आमच्या बापाचेही नाव नाही. घंटा झाली तेव्हा फळ्यावर तीन शब्द लिहिलेले होते आणि मी कोणताही पुसला नव्हता.